वऱ्हाडांतील उभी पंगत

वऱ्हाड या शब्दाला मराठींत दोन अर्थ आहेत. एक प्रांत, आणि दुसरा लग्नाला निघालेली मंडळी. या दोहोंचा संबंध शब्दपंडितांनीं जो ठरवावयाचा तो ठरवावा. परंतु पाहुणा दिसला कीं त्याला खाऊं घातल्यावांचून सोडावयाचें नाहीं, हा गुण दोन्ही वऱ्हाडांत सारखाच आढळतो. पाट, रांगोळी, पत्रावळ, पुरण आणि "आणखी एक तरी घ्याच" हा आग्रह, एवढ्या सरंजामानें जी पंगत बसते ती वऱ्हाडची खरी शोभा, असें घरोघरचीं वडील माणसें सांगतात. त्यांत खोटें कांहीं नाहीं. पण याच वऱ्हाडांत आणखी एक पंगत रोज संध्याकाळीं भरते. तिला पाट लागत नाहीं, रांगोळी लागत नाहीं, आमंत्रण तर मुळींच लागत नाहीं. तीं पानें उभ्या उभ्याच वाढलीं जातात आणि उभ्या उभ्याच संपतात. या उभ्या पंगतीविषयीं घरोघरच्या वडील माणसांचें मत फारसें अनुकूल नसतें; तथापि तीं माणसें त्या पंगतींत पुष्कळदां दिसतात, हेंहि तितकेंच खरें आहे.

दिवस कलता झाला, उन्हाची धग उतरली, कीं अमरावतीच्या राजकमल चौकाच्या आसपास आणि अंबादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हातगाड्यांचे विस्तव फुलूं लागतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत पारा सहज ४४-४५ अंशांवर चढतो. अशा दिवशीं दुपारभर दारें लावून बसलेलें गांव संध्याकाळीं बाहेर पडतें तें हवा खाण्यासाठीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. हवा खाऊन पोट भरत नाहीं, म्हणून त्यापुढें गिला वडा खाल्ला जातो.

गिला वडा हा अमरावतीचा मानबिंदु होय. उडदाची डाळ भिजवून वाटावयाची, तिचे वडे सोनेरी रंगावर तळावयाचे, आणि इतकी मेहनत करून कुरकुरीत केलेला तो वडा पुन्हा पाण्यांत बुडवावयाचा, हा त्याच्या कृतीचा क्रम ऐकून परगांवचा मनुष्य प्रथम हळहळतो. पाणी पिऊन वडा फुगला कीं तो दोन तळव्यांमध्यें हलकेच दाबून निथळतात. मग द्रोण, मग वडा, मग त्यावर दही, मग चिंचेची आंबटगोड चटणी, आणि सर्वांच्या वर तिखटाची लाल पखरण. 'गिला' हा शब्द हिंदी आहे आणि त्याचा अर्थ ओला एवढाच. अमरावतीच्या उत्तरेस सातपुडा आणि सातपुड्यापलीकडे हिंदी मुलूख. तेव्हां शब्द डोंगर उतरून आला आणि दह्यांत पडला, यांत नवल नाहीं. पुण्याचा पाहुणा पहिला घांस घेण्यापूर्वीं "अस्सं, म्हणजे दहीवडाच कीं!" असें म्हणतो. घांस घेतल्यानंतर तो कांहीं वेळ कांहींच म्हणत नाहीं, कारण तिखटानें त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलें असतें.

"भाऊ, तिखट जरा कमी टाकजो," असें एखादें गिऱ्हाईक गाडीवाल्याला विनवितें.

"हाव ना बाप्पा, कमीच हाय," असें उत्तर येतें आणि त्याच क्षणीं चिमूटभर तिखट आणखी पडतें. या व्यवहारांत कोणीहि कोणाला फसवीत नाहीं. वऱ्हाडी माणसाच्या लेखीं तिखट कमी करणें हा आतिथ्यांतील उणेपणा आहे.

हें बाहेरचें खाणें वऱ्हाडांत एवढें कां रुजलें, याचें कारण शोधूं जातां वाट कापसाच्या बाजारांत जाऊन पोंचते. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील बोंडाला एकाएकीं सोन्याचा भाव आला. पुढें १८६७ सालीं भुसावळहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला. अकोला तर थेट त्या मार्गावरच होतें, आणि अमरावतीला बडनेरा जवळ होतें. गांवोगांव सरकी काढण्याचे जिन आणि गठ्ठे बांधण्याचे प्रेस उभे राहिले. हंगामांत कापसानें भरलेल्या बंड्यांची रांग बाजाराच्या तोंडापासून रस्त्यावर दूरवर लागे. आपली बंडी कधीं खालीं होईल याचा भरंवसा नसे. घरून बांधून आणलेली भाकरी आणि ठेचा पहिल्या रात्रींच संपे. बैलांसाठीं कडबा बरोबर असे; धन्यासाठीं मात्र दुसऱ्या दिवशीं कांहीं नसे. अशा माणसाला चार पदार्थांचें जेवण नको असतें; त्याला गरम, तिखट, स्वस्त आणि ताबडतोब मिळणारें असें कांहीं तरी हवें असतें, आणि तें खातांना त्याची नजर आपल्या बंडीवरून हलतां कामा नये. उभ्या पंगतीचें सारें शास्त्र या एका गरजेंत सामावलें आहे.

बंड्यांच्या जागीं मालमोटारी आल्या, पण भूक बदलली नाहीं. अकोल्याच्या बाजारांत सकाळीं आठ वाजतां आलूबोंड्यांचा पहिला घाणा निघतो. बटाट्याला वऱ्हाडांत आलू म्हणतात, हें परगांवच्या श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. मुंबईकर त्याच गोळ्याला पावांत दडवितो. अकोलेकर त्याला उघड्यावर फोडून त्यावर रस्सा ओततो. रश्शावर तेलाचा जो लाल तवंग येतो त्याला तर्री म्हणतात, आणि दुकानाची पत त्या तर्रीवरून ठरते. शेजारींच सांबारवडी असते. तिचें नांव ऐकून मद्राशी सांबाराची आठवण ज्यांना होईल त्यांची निराशा ठरलेली. वऱ्हाडांत सांबार म्हणजे कोथिंबीर. हिंवाळ्यांत ती उदंड येते, तेव्हां तिच्यांत खोबरें, खसखस आणि मसाला मिसळून तें सारण पातळ पारींत गुंडाळतात, पुडी बांधल्यासारखें मिटतात आणि तळतात. सांबारवडीबरोबर कढी येते. एका हातांत वडी आणि दुसऱ्या हातांत कढीची वाटी घेऊन उभ्यानें खाणें ही विद्या वऱ्हाडी मुलाला शाळेंत जाण्यापूर्वींच अवगत होते.

संध्याकाळीं कच्च्या चिवड्याची पाळी. 'कच्चा' म्हणजे न परतलेला. मुरमुरे, शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा, सांबार, मीठ आणि मसाल्याचें तिखट यांवर कच्चें तेल सोडून तें सर्व एका मोठ्या भांड्यांत खालवर करतात आणि कागदाच्या पुडींत भरतात. त्यांत शिजविण्याचें काम मुळींच नाहीं, पण हाताची जी लय आहे ती ज्याला साधली त्याच्या गाडीपुढें माणसें उभीं राहतात. घरीं तोच ऐवज तितकाच घेऊन तसाच कालविला तरी ती चव येत नाहीं, अशी प्रत्येक गृहिणीची तक्रार आहे. तिचें कारण बहुधा असें असावें कीं घरच्या चिवड्यांत बाजाराचा गलबला घालतां येत नाहीं.

अकोल्याहून पश्चिमेस रेल्वेनें निघालें तर तासाभराच्या आंत शेगांव येतें. तेथें श्रीगजाननमहाराजांच्या समाधीच्या दर्शनाला जाणारे लोक गाडी थांबतांच उतरतात. परंतु ज्यांना पुढें जावयाचें असतें तेहि उतरतात, आणि त्यांचें दैवत कचोरी हें असतें. मैद्याच्या आवरणांत मुगाच्या डाळीचें मसालेदार सारण आणि जोडीला तळलेली हिरवी मिरची, असें तिचें स्वरूप. ही कचोरी फाळणीच्या वावटळींत पंजाबांतून इकडे आलेल्या एका कुटुंबानें स्टेशनावर विकावयास घेतली, आणि पाहतां पाहतां वऱ्हाडानें ती आपली म्हणून टाकली. घरदार सोडून आलेल्या माणसाची ओळख गांवाला त्याच्या कढईवरून झाली, हा या कचोरीचा इतिहास तिच्या सारणापेक्षां कमी रुचकर नाहीं.

या सर्व खाण्यावर वैद्य मंडळींचा एक ठराविक आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. रोज तळलेलें खावें असें कोणीहि शहाणा सांगणार नाहीं. अमरावतीकर मात्र या आक्षेपाला आपल्या परीनें उत्तर देतात. १९१४ सालीं याच गांवांत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. ज्या गांवांत मल्लखांब आणि गिला वडा हे शेजारीं शेजारीं नांदतात त्या गांवाला पचनाची चिंता करण्याचें कारण नाहीं, असें तेथील लोक म्हणतात. यांतील मल्लखांबाचा भाग सर्वांनाच झेपतो असें मात्र दिसत नाहीं.

पण वडील माणसांचा खरा आक्षेप पचनाविषयीं नव्हता. तो दुसराच होता, आणि आतां पुष्कळांना त्याचा विसर पडला आहे. बाहेरचें खाऊं नये, कारण तें कोणाच्या हातचें आहे तें ठाऊक नसतें, हा तो आक्षेप. घरची पंगत दिसावयाला सुंदर असे, पण तिच्या प्रत्येक पाटाला जात असे. कोणाच्या शेजारीं कोणी बसावयाचें, कोणी ओसरीवर बसावयाचें, आणि कोणी अंगणाच्या बाहेर थांबून उरलेलें घेऊन जावयाचें, हें रांगोळी घालण्यापूर्वींच ठरलेलें असे. बाहेर पडलें तरी सुटका नव्हती. रेल्वेच्या स्टेशनांवर हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी अशा निरनिराळ्या सोयी स्वातंत्र्याच्या काळापर्यंत होत्या. खानावळींच्या पाट्यांवर जातींचीं नांवें असत. चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्या माणसाची कपबशी बाहेरच्या कोनाड्यांत वेगळी ठेवलेली असे. चहा पिऊन झाल्यावर ती त्यानेंच धुऊन परत तेथें ठेवावयाची.

या विटाळाच्या शास्त्रांत पदार्थांच्या पायऱ्या असत. मुरमुरे, फुटाणे, पोहे यांसारखे कोरडे पदार्थ निर्लेप मानले जात. ते परक्याकडून घेतले तरी फारसा दोष नसे. तळलेल्या पदार्थाच्या बाबतींत प्रवासांत वगैरे थोडी सवलत मिळे. परंतु पाणी, दही आणि शिजलेलें ओलें अन्न परक्या हातचें घेणें हा अधर्म. आतां या पायऱ्यांवर वऱ्हाडचे पदार्थ मांडून पाहावे. कच्चा चिवडा पहिल्या पायरीवर बसतो. कचोरी आणि आलूबोंडा दुसऱ्या पायरीवर. आणि तळून पुन्हा पाण्यांत भिजविलेला, वर दही ओतलेला, गाडीवाल्याच्या तळव्यांत दाबून निथळलेला जो गिला वडा, तो तर जुन्या शास्त्राच्या सर्व कलमांचा एकाच द्रोणांत भंग करतो. त्याहून अधिक ओलें आणि त्याहून अधिक परक्या हातचें अन्न शोधून सापडणार नाहीं. तोच पदार्थ अमरावतीनें आपला मानबिंदु म्हणून उचलला, आणि तो खातांना कोणाला कांहीं आठवत नाहीं. कांहीं न आठवणें, हीच त्यांतील सर्वांत मोठी गोष्ट आहे.

ती गोष्ट आपोआप घडली असें मात्र समजूं नये. हातगाडीनें सत्याग्रह केला नाहीं. तो माणसांना करावा लागला. १९२७ च्या मार्चमध्यें महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं जो लढा झाला तो सर्वांना ठाऊक आहे. त्याच सालीं अमरावतींत अंबादेवीचें देऊळ सर्वांना खुलें व्हावें म्हणून चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्यांत पुढें होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षीं परिषदेसाठीं अमरावतीस आले होते. ज्या देवळाच्या रस्त्यावर आज संध्याकाळीं खाद्याच्या गाड्या लागतात, त्या देवळाच्या पायऱ्या चढण्याची परवानगी तेव्हां माणसांना मागावी लागत होती. पुढें हे दोघेहि घटना समितींत होते. २६ जानेवारी १९५० पासून जी राज्यघटना लागू झाली तिच्या १५ व्या कलमांत एक गोष्ट मुद्दाम नांव घेऊन सांगितली आहे. दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत जाण्यापासून कोणाहि नागरिकाला जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून अडवितां येणार नाहीं, असें तें कलम सांगतें. विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या जोडीला, देशाच्या सर्वोच्च ग्रंथांत उपाहारगृहाचें नांव यावें हें कित्येकांना किरकोळ वाटलें असेल. पण ज्याची कपबशी कोनाड्यांत होती त्याला तें किरकोळ वाटलें नसेल. १९५५ सालीं अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यानें असें अडविणें हा गुन्हा ठरला.

या सर्वांनंतर हातगाडीचें महत्त्व कळतें. कायदा दार उघडून देतो. आंत जाऊन शेजारीं उभें राहण्याची संवय मात्र रोजच्या व्यवहारानेंच लागते. उभ्या पंगतीला पाटच नसल्यामुळें पाटाला जात चिकटत नाहीं. द्रोण एकदां वापरून टाकावयाचा, तेव्हां भांडें कोणाचें हा प्रश्न उरत नाहीं. पहिला वडा कोणाला आणि दुसरा कोणाला, हें कुळावरून ठरत नाहीं. जो आधीं आला त्याला आधीं मिळतो. कापसाचा अडत्या आणि त्याचा हमाल, वकील आणि त्याचा पक्षकार, प्राध्यापक आणि त्याच्या वर्गांत कधींच न दिसणारा विद्यार्थी, हे सर्व एकाच कढईकडे एकाच आशेनें पाहत उभे असतात. तिखट लागल्यावर सर्वांच्याच डोळ्यांत पाणी येतें, आणि पाण्याचा तांब्या एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातो.

गृहिणींनाहि या पंगतीनें कांहीं दिलें आहे. घरच्या पंगतींत वाढणारी ती, आणि सर्वांचें झाल्यावर शेवटीं गार झालेलें जेवणारीहि तीच. गाडीपुढें तिला कोणी तरी दुसरा वाढतो, पदार्थ गरम असतो, आणि नवऱ्याचें पान संपेपर्यंत थांबण्याचा प्रश्न येत नाहीं. बाहेरच्या खाण्याची हौस बायकांना फार, असें जे पुरुष हांसून म्हणतात त्यांनीं या हौशीचें कारण एकदां आपल्याच स्वयंपाकघरांत जाऊन पाहावें.

तरी पण उभ्या पंगतीची स्तुति फार करूं नये. तिची एक मर्यादा आहे. गाडीपुढें दाखविलेली उदारता पुष्कळदां घराच्या उंबरठ्यावर चपलांबरोबर काढून ठेविली जाते. ज्याच्या हातचा गिला वडा बोटें चाटून खाल्ला, तोच मनुष्य भाड्यानें खोली मागावयास दारीं आला तर त्याचें आडनांव विचारलें जातें. ज्याच्या शेजारीं उभें राहून कचोरी खाल्ली, त्याला घरच्या पाटावर बसण्याचें आमंत्रण जात नाहीं. बाजारांत जें विसरावयाला शिकलों, तें घरीं येतांच पुन्हा आठवूं लागतें. उभ्या पंगतीनें आपलें काम केलें आहे. बसलेल्या पंगतीचें काम अजून उरलें आहे.

या प्रसंगीं एका जुन्या पाहुणचाराची आठवण होते. अमरावती जिल्ह्यांतील कौंडिण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर मानलें जातें. म्हणजे द्वारकेचा श्रीकृष्ण हा वऱ्हाडचा जांवई. त्या जांवयाकडे त्याचा दरिद्री मित्र सुदामा आला तो फाटक्या वस्त्रांत पोह्यांची पुरचुंडी बांधून. ते पोहेहि घरचे नव्हते. सुदाम्याच्या बायकोनें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेले होते. चार घरचे ते पोहे श्रीकृष्णानें पाटपाण्याची वाट न पाहतां मित्राच्या हातून ओढून घेतले आणि मूठभर तोंडांत टाकले. वऱ्हाडांत वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं जेव्हां जुन्या रूढींची थट्टा करणारे लेख लिहिले, तेव्हां त्यांना 'सुदाम्याचे पोहे' हेंच नांव द्यावेसें त्यांना वाटलें, तें उगीच नव्हे.

दुसरी मूठ घेतांना रुक्मिणीनें त्याचा हात धरला, असें कथा सांगते. जाणते लोक त्याचा अर्थ मोठा लावतात: एका मुठींतच सुदाम्याला सर्व वैभव मिळालें होतें, दुसरीनें द्यावयास कांहींच उरलें नसतें. वऱ्हाडी माणूस त्याचा अर्थ साधा लावतो. माहेरच्या वळणाची ती लेक. चांगला पदार्थ एकट्यानें संपवावयाचा नसतो, शेजारीं उभें असलेल्यालाहि त्यांतला वांटा द्यावयाचा असतो, एवढेंच तिला सांगावयाचें असेल.